क्रमांक सतराची आई

६ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्या,

नमस्कार. खुशाली नेहमीचीच आहे, म्हणून थेट कोड्याकडे वळतो. संत्रे खाता खाता एखादी बी सहज कुंडीत टोचून ठेवावी, आणि तीन-चार आठवड्यांनी पाहावे तर तिथे एकाऐवजी दोन कोंब; कधी तीनसुद्धा. लहान मुले हे पाहतात आणि विचारतात. मोठी माणसे "चुकून दोन बिया पडल्या असतील" असे म्हणून पुढे जातात. मीही गेलो असतो. पण माझ्या टेबलामागच्या खिडकीतल्या कुंडीत मी मोजून एकच बी टोचली होती, ती होती क्रमांक सतराची, आणि कोंब तीन आले.

ज्या फळ संशोधन केंद्रात तू पंचवीस वर्षे लेखनिक होतीस, तिथे मी सहा वर्षे त्या एका झाडामागे फिरतो आहे. क्रमांक सतरा म्हणजे केंद्राच्या तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी तेहतीस वर्षांपूर्वी केलेला संकर, पपनसाची आई आणि संत्र्याचा बाप, हे मी तुला सांगणे आगाऊपणाचे आहे. नवे एवढेच की येत्या २८ फेब्रुवारीला वाण समिती बसते आहे. सतराला दिवंगत साहेबांचे नाव मिळायचे आहे. त्यांची कन्या येणार आहे. रोपवाटिकेत आठ हजार कलमे तयार आहेत आणि प्रस्तावावर सही माझी आहे.

आणि नेमका आताच मला चैन पडेनाशी झाली आहे. कुंडीतले कोंब हे निमित्त. मी सतराची बी सोलून पाहिली. आतली डाळ पिस्त्यासारखी हिरवी, संत्र्याच्या बीची असते तशी. पान पाहिले. पपनसाच्या पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख असतात, जणू मोठ्या पानाखाली एक छोटे पान जोडले आहे. सतराचा देठ संत्र्यासारखाच नुसती काडी. साल संत्र्याची, वास संत्र्याचा. ज्याच्यात आईकडचे काहीच उतरलेले नाही, असे मूल असते का गं?

साहेबांची पक्की नोंदवही इथे आहे. तुझ्या अक्षरात, मोत्यासारखी. मला हवी आहे ती तिच्या आधीची, बागेत हातात धरून लिहिलेली कच्ची वही. ती तुझ्याकडे आहे का?

तुझा
धांदल्या

१४ जानेवारी

चि. धांदल्या,

पत्र मिळाले. तुझे अक्षर पाहून वाटले की तू ते उभ्या-उभ्या लिहिले असावेस. बसून लिहीत जा. वाचणाऱ्यालाही बसता येते.

तुझ्या कोड्याचे उत्तर सरळ आहे, पण ते मुळापासून सांगितल्याखेरीज मला राहवणार नाही. लिंबू-संत्र्यांच्या या घराण्यात मूळ वडीलधारी मंडळी मोजकीच. जाड सालीचे, जेमतेम गर असलेले महाळुंग, डोक्याएवढे पपनस, आणि सैल सालीचे संत्रे. यांच्या जोडीला कोपऱ्यात बसणारे एखादे रानटी, बारीक फळ धर. बाजारात दिसणारे बाकीचे बहुतेक या चौघांचे लेक, नातू आणि पणतू. मोसंबी पपनस आणि संत्रे यांच्या घरातली. आंबट नारिंगही त्याच दोघांचे. आपले रोजचे कागदी लिंबू महाळुंगाचे आणि त्या रानटी पाहुण्याचे. परदेशी पिवळे, टोकदार लिंबू नारिंग आणि महाळुंगाचे, म्हणजे त्याच्यात तिघेही वडीलधारे आले. पपनस आणि मोसंबी यांचे पुन्हा एकदा जमले आणि एक कडवट मोठे फळ निपजले. ते झाडावर घोसाने लागते म्हणून त्याच्या इंग्रजी नावात कुणी चक्क द्राक्ष घातले. मोसंबीच्या नावात समुद्रापलीकडचा एक किनारा आहे, जिथली ती मुळीच नव्हे. नारिंग हा शब्द तर बैलगाडीतून आणि गलबतांतून इतका लांब गेला की वाटेत पहिला 'न' गळून पडला, आणि तिकडच्या लोकांना आता त्याची आठवणही नाही. तेव्हा या घराण्यात कुणाच्या नावावर विसंबू नये.

आता कोंब. संत्र्याच्या बीत बाहेरून आलेल्या परागापासून एक गर्भ तयार होतो, तो खरा संकर. पण आईची शरीरपेशी त्याच बीत स्वतःच्या दोन-तीन हुबेहूब प्रतीही करून ठेवते. बी रुजली की सगळेच वर येतात. आईच्या प्रती बहुधा जोमदार असतात, आणि खरे मूल बहुधा किडकिडीत. 'बहुधा' हा शब्द खोडू नकोस. काही बियांत ते मूल टिकतही नाही. पपनसाचे तसे नाही. त्याच्या बीतून एकच कोंब, आणि तो संकरच.

म्हणजे सतराची आई पपनस असल्यावर शंकेला जागा नाही. सतराच्या स्वतःच्या बीतून तीन कोंब आले तर तो गुण बापाकडून आला. पुष्कळ मुले बापावर जातात. तू तुझ्या बाबांवर गेला आहेस, तेच दुमडते कान.

कच्च्या वह्या वाळवीने खाल्ल्या असाव्यात. साहेबांचे नाव लागू दे. भला माणूस होता. तू उगीच उकरत बसू नकोस.

माझे गुडघे बरे आहेत. मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी जे झाड आहे, त्याला पाणी घालायला जाते, तेवढाच व्यायाम.

तुझी
आत्या

२३ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्या,

बसून लिहितो आहे. उठलो होतो दोनदा.

तुझे स्पष्टीकरण मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी पटले. पण पटून झाल्यावर मी बागेत गेलो. जुने पपनसाचे झाड अजून उभे आहे. टेप लावून मोजले. सर्वांत खालची फुलणारी फांदी चौदा फुटांवर. संत्र्याची जुनी झाडे खांद्याएवढी. ज्या झाडाला आई करायचे, त्याच्या कळ्या उमलण्याआधी चिमट्याने उघडायच्या, आतले पुंकेसर काढून टाकायचे, बापाचा पराग ब्रशने लावायचा, वर कागदी पिशवी बांधायची आणि चिठ्ठी अडकवायची. चौदा फुटांवर हे दोनशे वेळा कुणी केले?

माळीकाका आता निवृत्त आहेत, पण फाटकापाशी येऊन बसतात. त्यांना विचारले.

"शिडी? शिडीच्या दोन पायऱ्या गेलेल्या होत्या रे."

"मग पपनसावर चढायचं कोण?"

"कशाला चढायचं? मी काठीने फुलं पाडायचो. तुझी आत्याच म्हणाली, पराग डबीत घालून इकडे आणा, इथं संत्र्याला लावू. हुशार बाई. तुझ्यासारखी फेऱ्या नाही मारायची, खुर्ची टाकून बसायची."

म्हणजे आई संत्रे आणि बाप पपनस! तरीही पक्क्या वहीत सतरासमोर लिहिले आहे 'पपनस × संत्रे'. आई आधी लिहायची, हा नियम मी कॉलेजात शिकण्याच्या आधी तुझ्याकडून शिकलो. हा क्रम कुणी उलटा करवला? पपनसाला आई म्हटले की प्रत्येक रोप आपोआप खरा संकर ठरते, कुणी तपासायला जात नाही. साहेबांना घाई झाली असेल, वरून विचारणा होत असेल. तू त्यांना पाठीशी घालते आहेस.

आणखी एक. वाळवीने वह्या खाल्ल्या 'असाव्यात' असे तू लिहिलेस. माहीत नसेल तेव्हा तू 'माहीत नाही' असे लिहितेस. 'असाव्यात' तू फक्त माहीत असताना लिहितेस.

मी सही केलेला कागद समितीकडे गेला आहे. तो खोटा असेल तर मला आताच कळायला हवे. माझी बढती त्याच्यावर आहे हे खरे. पण ती आठ हजार कलमे ज्यांच्या शेतात जातील, त्यांची पंधरा वर्षेही त्याच्यावर आहेत.

धांदल्या

५ फेब्रुवारी

आत्या,

तेरा दिवस झाले. पोस्टमन मला फाटकाशी उभा पाहून आता सायकल दुसऱ्या गल्लीने नेतो. ऑफिसात कपाटे आवरून झाली, पेन्सिलींना टोके करून झाली. मुख्य अधिकारी म्हणाले, "अहो, बसा की जरा, खुर्चीला काटे आहेत का?" सतराला आहेत, लांब, संत्र्याच्या जुन्या झाडांना नसतात एवढे. ते पपनसाकडून आले असतील या विचाराने माझी दोन दिवस आशा वाढली, आणि मग पुन्हा गेली.

तुला राग आला असेल तर राग आला एवढे तरी लिही.

धां.

११ फेब्रुवारी

चि. धांदल्या,

राग आलेला नाही. पाचदा लिहिले आणि पाचदा फाडले. माझ्या हातून कागद वाया जाण्याची ही पहिली वेळ.

सोबतच्या पुडक्यात तीन वस्तू आहेत. त्या क्रमाने पाहा.

पहिली, कच्ची वही. वाळवीने खाल्लेली नाही. पान नववे, सतरावी चिठ्ठी, पेन्सिलीने: 'संत्रे × पपनस'. अक्षर माझे.

पक्क्या वहीतले अक्षरही माझेच. साहेबांनी क्रम उलटा करवला नाही. साहेबांना तो कळलाही नाही. तो आठवडा तुझ्या आईबाबांच्या लग्नाचा होता. तुझ्या आजोबांनी पत्रिकांची पाकिटे माझ्यापुढे ठेवली, कारण घरात अक्षर माझे चांगले. दोनशे दहा पाकिटांवर मी 'श्री. व सौ.', 'श्री. व सौ.' लिहीत होते. नवरा आधी, बायको मागून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून, फळे पिकून बिया पेरायला काढलेले त्या बहराचे बेचाळीस संकर पक्क्या वहीत उतरवले. हाताला तेच वळण लागले होते. पहिले सोळा संकर, शिडी मोडण्याआधीचे, खरोखर पपनसाला आई करून केलेले होते, म्हणून नजरेलाही खटकले नाही. नियम मला तुझ्याइतकाच पाठ होता. मी श्री. पपनस आधी लिहिले आणि सौ. संत्रे मागून. साहेबांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून सही केली. शिवाय माझ्या सेवापुस्तकात शेरा दिला: 'लेखन सुवाच्य व बिनचूक'. त्या शेऱ्यावर मी कायम झाले.

चूक मला कधी कळली, हे तू विचारणार. दीड महिन्याने कळली. पिशव्यांत बिया रुजल्या आणि सतरामध्ये तीन कोंब आले. वहीप्रमाणे ती पपनसाची बी. तिला एकच यायला हवा होता. मी पिशवीजवळ उभी राहिले आणि मला सगळे एकदम समजले. साहेबांचा लेखी आदेश होता, एका पिशवीत एकच रोप, जोमदार ते ठेवावे, बाकी उपटावीत. पपनसाच्या बीबाबत तो आदेश निरुपद्रवी आहे. संत्र्याच्या बीबाबत त्याचा अर्थ होतो, आई ठेवा आणि मूल फेकून द्या.

मी जाऊन सांगायला हवे होते. मी दारापर्यंत गेले. आत साहेब दोन पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या नोंदी पाहा, एक खाडाखोड सापडली तर सांगा." मी परत आले.

मग तो जोमदार कोंब झाड झाला आणि सगळ्यांना त्याचा जोम दिसला. त्याला त्यांनी संकराचा जोम म्हटले. तो होता आईच्याच नव्या जन्माचा. बागेतली जुनी संत्री कलमावर कलमे होऊन थकलेली, त्यांच्या अंगात वर्षानुवर्षांचे रोग साचलेले. बीतून आलेल्या प्रतीत सहसा ते रोग येत नाहीत. ती नव्याने तरुण असते, म्हणून काटे लांब, फळ मोठे, साल खरबरीत. मोठे फळ पाहून सगळे म्हणाले, आईवर गेले, पपनसावर. म्हणणाऱ्यांपुढे वही उघडी होती.

तुला पहिल्या पत्रातच हे लिहिता आले असते. त्याऐवजी मी तुला घराण्याचा इतिहास सांगितला. त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, आणि मी ते लपण्यासाठी वापरले. तुला हे सगळे शिकवणाऱ्या बाईला याहून लाजिरवाणे काही नाही.

दुसरी वस्तू, कागदात दाबलेले पान. त्याचा देठ पाहा.

तिसरी, फळ. ते कापण्याआधी आधीच्या दोन्ही गोष्टी नीट कळल्या आहेत ना, याची खात्री कर. सतराच्या पिशवीतून मी तीन कोंबांपैकी दोन उपटले. त्यातला एक जोमदाराचा जुळा होता. दुसरा दोऱ्यासारखा, पिवळट. तो मी चहाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणला. धुण्याच्या दगडापाशी लावला. सोळा वर्षे त्याला फूल नव्हते. तुला आठवत असेल, लहानपणी तू त्याच्या पानांना 'चष्मेवाली पाने' म्हणायचास.

आता तू काय करायचे ते ठरव. समितीपुढे माझे नाव घ्यावे लागले तर घे. कचरू नकोस.

तुझी
आत्या

१ मार्च

तीर्थस्वरूप आत्या,

पुडके मिळाले त्या दिवशी मी ते पान खिडकीच्या काचेवर धरून पाहिले. देठाला पंख, पपनसाइतके रुंद नाहीत, संत्र्यासारखे नसल्यात जमाही नाहीत, मधले. चष्मेवाली पाने. मी सहा वर्षे ज्या संकरामागे बागभर फिरलो, त्याच्यावर माझी शाळेची चड्डी वाळत असे.

फळ मुख्य अधिकाऱ्यांच्या समोरच कापले. साल निम्मी सुटते, निम्मी हट्ट करते. गर फिकट. पहिली फोड गोड लागली, म्हणून त्यांनी दुसरी मोठी तोंडात टाकली, आणि मग त्यांचा एक डोळा मिटला. "हे बाजारात न्यायचं म्हणता?" "नाही साहेब, हे फक्त खरं आहे एवढंच म्हणतो."

काल समिती झाली. मी उठलो आणि म्हणालो की माझा प्रस्ताव मी मागे घेतो. खुर्च्या सरकल्या. अध्यक्ष म्हणाले, "सहा वर्षांनी सांगताय?" मी म्हणालो, "तेहतीस वर्षांनी, खरं तर." मग कच्ची वही, पक्की वही, दोन्ही झाडांची पाने, या क्रमाने टेबलावर ठेवली. तू शिकवलेस तसे एकेक दाखवून पुढे गेलो. कोपऱ्यातल्या एका सदस्यांनी विचारले, उलटे कुणी लिहिले? माझ्या ओठांवर आले की लेखनिकाची चूक म्हणावे आणि सुटावे. मी म्हणालो, "माझ्या आत्याने. माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या पत्रिका लिहून तिच्या हाताला 'श्री. व सौ.'चं वळण पडलं होतं." मग साहेबांची कन्या हसली. आधी ती एकटीच, नंतर सगळे. ती म्हणाली, "बाबा आईला न विचारता सही करायचे, आणि कागद न वाचता. त्यांचं नाव चुकीच्या फळाला लागण्यापेक्षा न लागलेलं बरं."

निकाल असा. सतरा हे नवे वाण नाही. पण ते जुन्या संत्र्याचे निरोगी, तरुण रूप आहे, म्हणून आठ हजार कलमे 'संत्रे' या साध्या नावाने जातील. शेतकऱ्याला जे सांगू ते खरे असेल. माझी बढती पुढच्या वर्षावर गेली; त्याही पुढे जाऊ शकते, असे मुख्य अधिकाऱ्यांनी मला प्रेमाने कळवले. घरी आलो आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीवर बसून आख्खा चहा प्यायलो.

पक्क्या वहीत दुरुस्तीची नोंद मी केली आहे. खाडाखोड नाही, खाली तारीख घालून नवी ओळ. तुझ्या झाडाला नोंद क्रमांक हवा, म्हणून १७-अ दिला. नावाचा रकाना रिकामा आहे. काय लिहू?

आणखी एक काम. माझ्या लेकीने शाळेत सांगून टाकले आहे की आमच्या घरी बी सोलून आईबाप ओळखतात. आता बाई तिला वर्गापुढे उभी करणार आहेत. तिला जमेल असे काही सांग.

तुझा
धांदल्या

१२ मार्च

चि. धांदल्या,

नावाचा रकाना राहू दे. तेहतीस वर्षे मी त्याला 'ए, सरक' म्हणत त्याच्याखालून वाकून धुणे वाळत घालते आहे. त्याला सवय आहे. तुझी ओळ मात्र मला पाहायची आहे. एप्रिलमध्ये येईन. शिडी दुरुस्त करून ठेव.

लेकीला हे वाचून दाखव. सावकाश वाच.

बिया असलेले एक संत्रे आणि एक मोसंबी घे. दोन्हींची एकेक बी धुऊन तिची बाहेरची साल नखाने सोल, मग आतले तपकिरी पापुद्रे काढ. संत्र्याची डाळ हिरवी निघेल, मोसंबीची पांढरट. बाहेरून दोन्ही बिया सारख्या दिसतात, म्हणून वर्ग आधी पैज लावील. लावू दे.

मग संत्र्याची दुसरी, न सोललेली बी घे. एकच, मोजून. ओल्या मातीत बोटाच्या एका पेराइतकी खोल लाव आणि कुंडी उबेला ठेव. तीन-चार आठवडे रोज मातीला हात लावून पाहा. ओलसर असावी, चिखल नको. जेवढे कोंब वर येतील तेवढे मोज. एकच आला तर दुसरी बी लाव. दोन किंवा तीन आले, तर त्यांतला सर्वांत बारका शोध. तो आईची प्रत नसून खरे मूल असण्याचा संभव आहे. खात्री नाही, संभव. सगळे म्हणतील, हा उपट, बाकीच्यांना जागा होईल. उपटू नकोस. त्याला वेगळ्या डब्यात लाव, शेजारी पाटी खोच, आणि ती कोरी ठेव. पाने तळहाताएवढी झाली की देठ उजेडात धरून जोमदार भावंडाच्या देठाशी ताडून पाहा. फरक दिसला तर पेन्सिल घे आणि लिही. आई आधी.

आत्या